शाळांचे दत्तकविधान

संगमनेरच्या महाविद्यालयाचे नाव एका दमात उच्चारणे कठीण. ‘संगमनेर नगरपालिका कला, दा. ज. मालपाणी वाणिज्य व ब. ना. सारडा विज्ञान महाविद्यालय’ असे ते पुरे नाव आहे. परगावच्या पाहुण्याला त्याची गंमत वाटते आणि अर्जावरील चौकटीत ते मावत नाही. परंतु शिक्षण प्रसारक संस्थेने १९६१ साली स्थापन केलेल्या या महाविद्यालयाच्या नावात महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाचे सारच उतरले आहे. त्यात लोकांनी निवडून दिलेली नगरपालिका आहे, उद्योग-व्यापारातील दोन घराणी आहेत आणि या सर्वांना एका छपराखाली आणणारी नागरिकांची संस्था आहे. तिघांपैकी कोणी कोणाला दत्तक घेतलेले नाही. तालुक्याच्या गावी महाविद्यालय असावे, आपल्या मुलांना पदवीसाठी पुण्या-नाशिकची वाट धरावी लागू नये, ही गरज सर्वांची होती आणि ती भागविण्याचा भारही वाटून घेतला गेला.

शाळांच्या क्षेत्रात आज ‘भागीदारी’ हा शब्द पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येतो. त्याचा अर्थ मात्र पार बदलला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ‘दत्तक शाळा’ योजना जाहीर केली. कंपन्या, विश्वस्त संस्था, दानशूर व्यक्ती यांनी सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात, असे तिचे स्वरूप आहे. दरही ठरवून देण्यात आले. अ आणि ब वर्ग महापालिकांच्या हद्दीतील शाळेसाठी पाच वर्षांस दोन कोटी व दहा वर्षांस तीन कोटी रुपये. नगरपालिकांच्या व ग्रामीण भागातील शाळेसाठी अनुक्रमे ५० लाख व एक कोटी. साहाय्य रोख न देता वस्तू व सेवांच्या रूपाने द्यावयाचे, शाळेच्या कारभारात हस्तक्षेप करावयाचा नाही, आणि देणगीदाराची इच्छा असल्यास ठरल्या मुदतीपुरते त्याने सुचविलेले नाव शाळेच्या नावाला जोडता येईल.

या योजनेमागील हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. गळक्या छपराखाली बसणाऱ्या मुलांच्या डोक्यावर कोणी चांगले छप्पर घातले तर ते कोणाच्या पैशाने आले, याची चौकशी मुले करीत नाहीत. गावकरीही करीत नाहीत. तथापि ‘दत्तक’ हा शब्द ज्यांनी योजला त्यांनी त्याच्या अर्थाचा विचार केलेला दिसत नाही. आपल्या समाजात दत्तक गेलेल्या मुलाचे आडनाव बदलते, गोत्र बदलते आणि जन्मदात्यांचा त्याच्यावरील हक्क संपतो. शिवाय मूल दत्तक देणारा बहुधा परिस्थितीने गांजलेला असतो. देशात उद्योगधंद्यांत पुढे असल्याची ग्वाही सदैव देणाऱ्या राज्याने आपल्या शाळांबाबत ही भूमिका स्वीकारावी, हे शोभादायक नाही. त्यात व्यवहाराची अडचणही आहे. नाव लावण्यासाठी जो पैसा खर्च करतो तो ते नाव लोकांच्या दृष्टीस पडेल अशीच जागा निवडणार. हमरस्त्यालगतच्या शाळेला दत्तक घेणारे पुष्कळ भेटतील. घाट चढून, पुढे कच्च्या रस्त्याने दोन-तीन मैल आत असलेल्या वस्तीवरील द्विशिक्षकी शाळेचे काय? आणि जिथे भेटतील तिथेही मुदत संपल्यावर, संगणक जुने झाल्यावर, विजेचे बिल भरावयाचे कोणी, हा प्रश्न मुख्याध्यापकाच्या टेबलावर परत येऊन बसेलच.

महाराष्ट्रात खाजगी प्रयत्न आणि सरकार यांचे शिक्षणातील सहकार्य या योजनेहून फार जुने व फार निरोगी आहे. त्याचा आरंभ शोधायला नगर जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी नगर येथे चालविलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे तेथेच घेतले, हे सर्वविदित आहे. फुले यांच्या शाळांना दक्षिणा फंडातून सरकारी साहाय्य मिळाले होते, ही गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे तत्त्व मान्य केले. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे आणि त्यापुढील शिक्षण हळूहळू अनुदानित खाजगी संस्थांकडे, अशी दिशा आखून दिली. याच आयोगापुढे फुले यांनी जे निवेदन ठेवले त्याचा रोख असा होता की, सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गांची मुले. सरकारने आपला पैसा व लक्ष आधी प्राथमिक शिक्षणाकडे वळवावे. त्यांचा हा आक्षेप आजही जुना झालेला नाही.

हंटर आयोगाच्या शिफारशीने महाराष्ट्रात जी विभागणी रुजली तीच थोड्याफार फरकाने आजपर्यंत टिकली आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. माध्यमिक शाळा मात्र प्रामुख्याने खाजगी संस्थांनीच काढल्या. या बाबतीत महाराष्ट्र अन्य अनेक राज्यांहून वेगळा आहे. तिकडे ‘सरकारी हायस्कूल’ हा नित्याचा शब्दप्रयोग असतो. इकडे हायस्कूल म्हटले की पाठोपाठ ‘कोणत्या संस्थेचे?’ असा प्रश्न येतो. संस्थेने जागा द्यावी, इमारत उभारावी, शिक्षक नेमावेत आणि शासनाने त्यांचा पगार भरावा, असा हा व्यवहार. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने शिक्षकांना सेवाशर्तींचे संरक्षण मिळाले. अलीकडे ‘पवित्र’ प्रणालीने संस्थांच्या नेमणुकीच्या अधिकाराला वेसण घातली. व्यवहार तोच राहिला.

या सहकार्याची सर्वांत उमदी बाजू कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने दाखविली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने जिथे सरकारची शाळा नव्हती अशा खेड्यांत व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्यांची संख्या पाचशेवर गेली आणि स्वातंत्र्यानंतर या शाळा सरकारी व्यवस्थेच्या स्वाधीन झाल्या. ज्या शाळा आपण कष्टाने उभारल्या त्या लोकांच्या सरकारकडे जाव्यात, यात कमीपणा वाटू न देणारी ही वृत्ती होती. त्याच काळात या नात्याची दुसरी बाजूही दिसली. १९४८ मध्ये सरकारवरील टीकेच्या कारणावरून मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबविले होते; पुढे ते पूर्ववत झाले. पैसा देणारा हात कधी लगामही धरतो, हे लक्षात ठेवूनच खाजगी संस्थांच्या स्वायत्ततेचा विचार केला पाहिजे.

आजचा प्रश्न या जुन्या विभागणीतून निर्माण झाला आहे. संगमनेर तालुक्यातील एखाद्या मुलाचा शिक्षणाचा रस्ता कल्पनेने चालून पाहावा. चंदनापुरीचा घाट ओलांडला की पठार भाग लागतो: घारगाव, बोटा, साकूर आणि त्यांच्या भोवतालच्या वाड्यावस्त्या. येथील मूल पहिलीत जाते ते जिल्हा परिषदेच्या शाळेत. चौथी किंवा सातवी झाली की त्याचा दाखला निघतो आणि ते मोठ्या गावातील एखाद्या संस्थेच्या माध्यमिक विद्यालयात दाखल होते. मूल तेच, पालक तेच, दोन्हीकडच्या शिक्षकांचा पगार येतो तोही एकाच तिजोरीतून. पण ज्या गुरुजींनी त्याला चार वर्षे वाचायला शिकविले आणि ज्या सरांनी त्याला पुढे विज्ञान व गणित शिकवायचे, ते दोघे एका टेबलाशी कधी बसत नाहीत. दाखल्यावर जन्मतारीख येते, जात येते, वर्तणूक ‘चांगली’ येते. मुलाला भागाकार कुठे अडतो ते येत नाही. नव्या शाळेत त्याचे पहिले सहा महिने ‘याचा पाया कच्चा आहे’ हे ठरविण्यात जातात आणि तो दोष मागच्या शाळेच्या माथी मारला की कर्तव्य संपते.

दोन्हीकडची माणसे एकत्र येण्याचे प्रसंग येतात, नाही असे नाही. मात्र बहुधा ते प्रतिस्पर्धी म्हणून येतात. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाची पहिली ते पाचवी व सहावी ते आठवी अशी रचना केली. महाराष्ट्रातील माध्यमिक विद्यालये परंपरेने पाचवीपासून सुरू होत. साहजिकच पाचवीचा आणि आठवीचा वर्ग कोणाचा, यावरून जिल्हा परिषद शाळा व माध्यमिक विद्यालये यांच्यात ठिकठिकाणी ओढाताण सुरू झाली. २०१५ च्या आणि पुन्हा मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी तिला धार आणली. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, आणि अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे समायोजन कोठे होईल याचा भरवसा नसतो. यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षक घरोघर फिरून विद्यार्थी गोळा करताना दिसतात. कोणी गणवेशाचे आश्वासन देतो, कोणी सायकलीचे, कोणी वाहनाचे. पन्नाशीला आलेल्या, दोन पदव्या घेतलेल्या माणसाने एका दाखल्यासाठी उंबरठे झिजवावेत, ही त्याच्या पेशाची विटंबना आहे. ती त्याने ओढवून घेतलेली नाही. दोन शाळांना एकमेकींच्या पटावर जगायला लावणाऱ्या नियमांनी ती त्याच्यावर लादली आहे.

या दोन शाळांच्या जोडीला आता तिसरी आली आहे. शासनाने या शतकाच्या आरंभी नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला आणि पुढे वीस-वीस टक्क्यांनी अनुदानाचे हप्ते पडू लागले. दरम्यान अनेक शिक्षकांची उमेदीची वर्षे बिनपगारी किंवा अर्धपगारी गेली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने वेगळे दार उघडले: शासनाकडे पैसा मागायचा नाही आणि फी आपली आपण घ्यायची. संगमनेरसारख्या सधन बाजारपेठेच्या गावी अशा इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, यात नवल नाही. त्यांच्या पिवळ्या बसगाड्या सकाळी खेड्यांतून मुले गोळा करीत शहराकडे येतात. ऊस आणि दूध यांच्या पैशाने ज्यांना थोडी उसंत मिळाली त्यांना आपले मूल इंग्रजी बोलावे असे वाटते. यात मुळीच गैर नाही. मातृभाषेतून शिक्षणाचा महिमा सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या मुलांसाठी तीच वाट निवडली आहे. शेतकऱ्याने मात्र ती निवडू नये, असा उपदेश त्यांनी न करणे बरे.

परंतु बस एका गावातून वीस मुले घेऊन गेली की त्या गावच्या शाळेचा पटच घटत नाही, तिचे बोलके पालकही जातात. सरपंचाचे, दूध संस्थेच्या सचिवाचे, किंबहुना शिक्षकाचे स्वतःचेही मूल जिथे शिकत नाही त्या शाळेची भिंत खचली तर पंचायत समितीत आवाज कोण उठविणार? उरतात ती शेतमजुरांची, मेंढपाळांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले. ज्यांना आवाज आहे त्यांची शाळा निराळी आणि ज्यांना शाळेची सर्वाधिक गरज आहे त्यांची निराळी, अशी ही फाळणी हळूहळू पुरी होत आली आहे.

ही फाळणी भरून काढण्याचा कायदेशीर प्रयत्न म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेशांची तरतूद. विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या पायरीवर एवढ्या जागा दुर्बल व वंचित गटांतील बालकांना द्याव्यात आणि शासनाने त्यांची फी भरावी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. महाराष्ट्रात प्रतिबालक १७,६७० रुपये हा प्रतिपूर्तीचा दर ठरला. करोनाच्या साथीत एका वर्षी तो ८,००० वर आणला गेला, आणि ठरलेली रक्कमही वेळेवर मिळत नाही ही शाळाचालकांची तक्रार कायम राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर शासनाने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर हे बंधन नाही. या बदलाने तरतूद जवळजवळ पोकळ झाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला, हे योग्यच झाले.

इंग्लंडनेही हा प्रयोग योजून पाहिला होता. तेथील धनिकांच्या ‘पब्लिक स्कूल’ नामक खाजगी शाळांनी आपल्या चतुर्थांश जागा सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना द्याव्यात, अशी शिफारस फ्लेमिंग समितीने १९४४ मध्येच केली होती. प्रमाणही नेमके २५ टक्के. खर्च कोणी करायचा या प्रश्नावर ती बारगळली. पुढील आठ दशके तिकडे या शाळांच्या धर्मादाय सवलतींवर वाद चालू राहिला. सरकारी शाळांना मैदाने वापरू देणे, एखादा विषय शिकविण्यास शिक्षक पाठविणे अशा ‘भागीदारी’च्या उपक्रमांची जंत्री या शाळा आपल्या बचावासाठी पुढे करीत राहिल्या. अखेर जानेवारी २०२५ पासून त्यांच्या फीवर २० टक्के कर लागू झाला आणि त्या उत्पन्नातून सरकारी शाळांसाठी शिक्षक नेमण्याचे सरकारने जाहीर केले. जे औदार्यावर सोडले जाते ते फार दूर जात नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

२५ टक्के प्रवेश हा हक्क आहे आणि तो टिकला पाहिजे. परंतु त्याने होते ते एवढेच, की गरीब वस्तीतील काही मुले उचलून दुसऱ्या शाळेत नेली जातात. ज्या शाळेतून ती उचलली ती जिथल्या तिथे राहते. पठारावरील ज्या वाडीपर्यंत बसच जात नाही त्या वाडीला या तरतुदीचा उपयोग नाही. म्हणून मुलांची ने-आण करण्याबरोबरच शाळांना शाळांशी जोडण्याचा विचार करावा लागतो.

हा विचार एका मराठी माणसाने साठ वर्षांपूर्वी केला होता. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी ग्रामीण शिक्षण जवळून पाहिले होते. आयोगाने समान शाळा पद्धतीची आणि शेजारशाळेची कल्पना मांडली. तीवर बरीच चर्चा झाली आणि ती बाजूला पडली. तिच्याबरोबर आणखी एक, दिसायला लहान पण अमलात आणण्यास सोपी कल्पना होती: शाळासमूह. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील उच्च प्राथमिक शाळा आणि त्यांच्याभोवती प्राथमिक शाळा गुंफायच्या. प्रयोगशाळा, ग्रंथालय, साधने सामाईक वापरायची. शिक्षकांनी एकत्र बसून परिसराच्या शिक्षणाची आखणी करायची. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ही कल्पना पुन्हा पुरस्कारिली आहे. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात केंद्रशाळा व केंद्रप्रमुख आले ते याच दिशेने टाकलेले पाऊल म्हणता येईल. पण केंद्राचे कामकाज मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांपुरते राहिले आणि केंद्रप्रमुखाचा वेळ माहितीचे तक्ते वर पाठविण्यात जाऊ लागला.

महाराष्ट्रात शाळासमूहाचा केंद्रबिंदू म्हणजे माध्यमिक विद्यालय, आणि ते बहुधा खाजगी संस्थेचे. म्हणजे खाजगी व सरकारी शाळांची भागीदारी येथे वेगळी शोधावयाची नाही. ती भूगोलानेच ठरवून दिली आहे. साकूरसारख्या मोठ्या गावी ज्या शाळेत भोवतालच्या वाड्यांची मुले अखेर येणारच आहेत, तिने त्या वाड्यांच्या शाळांची जबाबदारी आधीपासून का घेऊ नये? विद्यालयातील विज्ञानाचे शिक्षक पंधरवड्यातून एकदा वाडीवर गेले, सहावी-सातवीची मुले महिन्यातून एकदा विद्यालयाच्या प्रयोगशाळेत आली, ग्रंथालयातील पन्नास पुस्तकांची पेटी दर महिन्याला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरली, आणि चौथीच्या परीक्षेनंतर दोन्हीकडच्या शिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी अर्धा तास बोलून घेतले, तर याला कोट्यवधींचा देणगीदार लागत नाही. लागते ते वेळापत्रक, प्रवासभत्ता आणि सही करणारा अधिकारी.

आक्षेप निघतील, आणि त्यांतले काही खरे आहेत. संस्थाचालक म्हणतील की, वेतनेतर अनुदान तोकडे व अनियमित. स्वतःच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या नाहीत, तिथे दुसऱ्यांना काय द्यावे? हे खरे आहे, आणि म्हणूनच समूहाच्या कामासाठी वेगळी, निश्चित तरतूद हवी. प्राथमिक शिक्षकांची शंका निराळी असेल. हायस्कूलचे लोक तपासणीस होऊन येतील आणि अगोदरच नाना खात्यांना उत्तरे देणाऱ्या गुरुजींच्या डोक्यावर आणखी एक साहेब बसेल, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन वर्गांना एकाच खोलीत शिकविण्याचे, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकाच्या भाषेपर्यंत आणण्याचे कौशल्य द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींकडे असते. ते शहरातल्या मोठ्या फीच्या शाळेत सहसा आढळत नाही. त्या शाळेने आपल्या नव्या शिक्षकांना महिनाभर वाडीवर पाठविले तर शिकण्यासारखे त्यांनाच अधिक सापडेल. देवघेव दोन्ही बाजूंनी असेल तरच तिला भागीदारी म्हणता येईल.

संस्थांमधील स्पर्धेची अडचण याहून मोठी आहे. एका मोठ्या गावात दोन संस्थांची दोन विद्यालये असली तर वाड्या कोणाच्या? नगर जिल्ह्यात शिक्षणसंस्था, साखर कारखाने आणि राजकारण यांचे धागे एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे येथील शिक्षकांना सांगावयास नको. समूहाची आखणी संस्थांच्या मर्जीवर सोडली तर तो पटाच्या ओढाताणीचाच नवा प्रकार होईल. ती आखणी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाने अंतर आणि रस्ते पाहून करावी. आणि समूहातील शाळांचा पट संचमान्यतेसाठी निदान काही वर्षे एकत्र धरावा, म्हणजे एका शाळेचे मूल दुसरीने पळविण्यातला फायदाच उरणार नाही. हा बदल शासननिर्णयाने होऊ शकतो. त्यासाठी विधिमंडळाकडे जाण्याची गरज नसावी.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांना या रचनेतून वगळण्याचे कारण नाही. त्या सरकारचा पैसा घेत नाहीत हे खरे. परंतु मान्यता घेतात, रस्ते वापरतात, आणि त्यांच्या पहिल्या पिढीतील पुष्कळ शिक्षक सरकारी व अनुदानित शाळांतूनच शिकून आलेले असतात. मान्यतेच्या अटींत त्यांना ज्या समूहात जागा मिळेल त्यातील ठरावीक काम सांगावे. मैदान, संगणककक्ष, इंग्रजी संभाषणाचे शिक्षक यांपैकी जे त्यांच्यापाशी आहे ते आठवड्याचे ठरलेले तास इतर शाळांच्या मुलांना उपलब्ध व्हावे. वर्षातून एकदा वह्या वाटून त्याचे छायाचित्र छापून आणणे, हे त्या कामात धरू नये. १९६० च्या दशकात प्रवरेकाठी ऊस उत्पादकांच्या बळावर ‘पब्लिक स्कूल’ उभे राहिले तेव्हा चांगली शाळा ही शहराची मिरास नव्हे हे सिद्ध झाले होते. ती काही थोड्यांचीही मिरास नसावी, हे सिद्ध व्हायचे राहिले आहे.

एक धोका मात्र डोळ्यांआड करता येत नाही. समूह हा शब्द शासनालाही आवडतो. पण वेगळ्या कारणासाठी. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा राज्यात अशा शाळा साडेचौदा हजारांहून अधिक आणि त्यांतील मुले पावणेदोन लाखांवर असल्याचे सांगण्यात आले. कोठारी आयोगाचा शाळासमूह लहान शाळांना आधार देण्यासाठी होता. या समूह शाळेत लहान शाळांनी विलीन व्हावयाचे आहे. पठारावर तीन मैल म्हणजे नकाशावरचे तीन मैल नव्हेत. पावसाळ्यात मध्ये ओढा येतो, आणि आठ वर्षांच्या मुलीला त्या वाटेने पाठवायचे की घरी धाकट्या भावाजवळ ठेवायचे, याचा निर्णय बाप एका दिवसात करून टाकतो. तेव्हा भागीदारीचा कोणताही करार होण्यापूर्वी त्यात वाडीची शाळा बंद होणार नाही आणि तेथील शिक्षकाची जागा रिकामी राहणार नाही, ही कलमे पहिली असली पाहिजेत. देणगीदार मिळाला, संस्था मदतीला आली, आता शासनाने हात झटकावेत, असा अर्थ त्यातून निघता कामा नये.

संगमनेरात हे करून पाहण्याजोगी परिस्थिती आहे. महाविद्यालय आहे, त्याच्या प्रयोगशाळा आहेत, जुन्या व नव्या संस्थांची विद्यालये आहेत, अभियांत्रिकीचे शिक्षण आहे, सहकारी संस्था आहेत आणि दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची परंपरा आहे. आरंभासाठी पठार भागातील एक आणि तळेगाव दिघेच्या बाजूचा एक, असे दोनच समूह निवडावेत. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी पंचायत समिती, संबंधित संस्था आणि शहरातील एक-दोन फीच्या शाळा यांची बैठक व्हावी, आणि तिच्या इतिवृत्तात पुढील गोष्टी लिहिल्या जाव्यात: शनिवारी दुपारी विद्यालयाच्या प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे राहील, वाडीवरून येणाऱ्या मुलांच्या गाडीचे भाडे कोणत्या शीर्षाखाली पडेल, पुस्तकांची पेटी कोण नेईल, आणि फुटलेल्या परीक्षानळीची किंमत कोणाकडूनही वसूल केली जाणार नाही.